दाराला पाला नव्हता

परसा,

तुझ्या घरी बसायला येणारा माणूस आधी बाहेर चपला काढायचा, मग मांडवात तुझ्या थोरल्या भावाजवळ टेकायचा आणि हळूच विचारायचा, "फवारणी का?" यंदा आपल्या जिल्ह्यात तरणाताठा माणूस गेला की दुसरं काही विचारायची गरजच राहिलेली नाही. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली, माणसं तिच्यात शिरून औषध मारत राहिली आणि एकेक करून आजारी पडत राहिली. पेपर उघडला की तेच. तूही तांड्यावरच्या शेतात पाठीवर पंप घेऊन गेला होतासच. त्यामुळे तुझा भाऊ मान हलवायचा आणि विचारणारा पुढचं विचारायचा नाही. मी तिथंच खांबाला टेकून बसलेला असायचो. त्याच्यासोबत मीही मान हलवायचो.

तू फवारणीनं गेला नाहीस. कांजण्यांनी गेलास, आणि त्या माझ्या घरातून तुझ्याकडे आल्या. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं, छातीत उतरलं म्हटलं, तेवढंच तुझ्या भावाच्या ध्यानात राहिलं. बाकीचं त्यानं यंदाच्या हवेतून उचललं. मला ते किती सोयीचं पडलं हे तुला सांगायला लाज वाटते. तुझ्या फोटोला हार घालताना मी कॅमेऱ्याकडे पाहावं तसा फोटोच्या जरा बाजूला पाहायचो.

आपली दुकानं एका भिंतीची. माझं झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं, तुझं गाड्या दुरुस्तीचं. माझ्या मशीनवर तुझ्या ग्रीसच्या बोटांचे ठसे आणि तुझ्या बाकड्यावर माझा चहाचा कप, असं इतकी वर्षं चाललं. आर्णीत नवा आलेला माणूस आपल्याला भाऊ-भाऊ समजायचा, आणि तू मुद्दाम म्हणायचास, हा धाकटा आहे, याले अक्कल कमी म्हणून झेरॉक्स टाकून दिलं, त्यात स्वतःचं काही लिहावं लागत नाही. मी चिडायचो. तुला तेच हवं असायचं.

तान्ह्या पोळ्याला तू माझ्या मितूच्या लाकडी बैलाला जुन्या बेअरिंगची चाकं बसवून दिलीस. सगळ्या गल्लीत तिचाच बैल विनाआवाज पळत होता. पोरं तिच्यामागं लागली होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती, एकाच ताटातला प्रसाद खात होती. त्यांच्यातल्या एखाद्याकडूनच ती घेऊन आली असणार. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी तिला ताप आला, आणि केस विंचरताना रत्नाला तिच्या डोक्यात दोन पाण्याचे फोड दिसले.

डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, कांजण्या. घाबरायचं कारण नाही, लहान पोरांना हलक्या जातात. नखं कापा, सैल सुती कपडे घाला, कोमट पाण्याची अंघोळ बंद करू नका, ते गुलाबी लोशन कापसानं लावा, तापाला हेच औषध द्या, मनानं दुसरी गोळी देऊ नका, पाणी पाजत राहा. खपल्या धरून सगळं वाळेपर्यंत बालवाडीत पाठवू नका. आणि मी उठलो तेव्हा त्यांनी मला पुन्हा खाली बसवलं. म्हणाले, ज्यांना लहानपणी झाल्या नाहीत अशा मोठ्या माणसांना आणि पोटुश्या बायांना पोरीजवळ येऊ देऊ नका, मोठ्यांना हे जड जातं. मी हो म्हणालो. ऐकलं नाही असं म्हणायची सोय त्यांनी माझ्यासाठी ठेवलेली नाही.

घरी आलो तर रत्नाची आई, माझी सासू, आली होती. तिनं कडुनिंबाची डहाळी तोडून आणली होती आणि दाराच्या चौकटीला बांधायला सुतळी शोधत होती. बाबांनी ती डहाळी तिच्या हातातून घेतली, रागानं नाही, आणि बकरीपुढे टाकली. आमच्या घराले पाला लागनार नाही, एवढंच म्हणाले.

बाबांचं तुला माहीत आहे. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव काढले. पुढच्याच उन्हाळ्यात गावात साथ आली आणि बाबांच्या धाकट्या बहिणीच्या अंगावर फोड उठले. तेव्हा लोक दारापर्यंत येऊन सांगून गेले, देवीला सोडलं म्हणून आली, आता भोगा. बहीण वाचली, पण ती माणसं दारात उभी राहून कशी बोलली, कोणाच्या हातात काय होतं, हे बाबा अजून सांगतात. पाला म्हणजे त्यांच्या लेखी ती माणसं. बाबांची मला लाज वाटत नाही, परसा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही डहाळी बकरीलाच घातली असती.

लाज माझी आहे. पाला काढला तर त्याच्या जागी काहीतरी लावायला हवं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दारावर एक कागद चिकटवता आला असता, माझं तर दुकानच कागदाचं. पण मी गल्लीत कोणाला काही सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर बाया आल्या असत्या, मितूपुढे हात जोडून उभ्या राहिल्या असत्या, घरात फोडणी घालू नका म्हणाल्या असत्या आणि जाताना एखादीनं ते जुनं वाक्य बोलून दाखवलंच असतं. मला ते बाबांच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. म्हणून आम्ही दार नुसतं लोटून घेतलं.

लोटलेलं दार तुला कधी अडलं होतं? संध्याकाळी दुकान बंद करून तू रोजच्यासारखा मितूला गाडीवर चक्कर मारायला न्यायला आलास. ती खाटेवर, अंगभर गुलाबी ठिपके. तू उंबऱ्यातच थांबलास. मला तू थांबलेला स्पष्ट आठवतोस, एक पाय आत, एक बाहेर.

"हे तर माता हाय बे," तू म्हणालास. "पाला काहून नाही बांधला?"

आणि मी सुरू झालो. देवी नाही, माता नाही, हा विषाणू आहे, व्हायरस. हवेतून येतो, फोडाच्या पाण्यातून येतो, ठरावीक दिवसांनी जातो. देवीचा कोप वगैरे आपल्यासारख्यांना दाबून ठेवायला काढलेलं आहे. तू ऐकत होतास आणि मला वाटत होतं की मी फार मुद्देसूद बोलतोय. मधेच तू मला थांबवलंस.

"देवीचं राहू दे. मानसाले कसं समजन, आत जावं का नाही जावं? लहानपनी दाराले पाला दिसला का माही याडी मले मांगं ओढे. म्हनून तर मले कधी निघालीच नाही."

तुमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात हे मला तुझ्यामुळेच माहीत. ते वाक्य मी आता शब्दन् शब्द सांगू शकतो. तेव्हा त्यातलं मला फक्त "पाला" ऐकू आलं. त्याच दिवशी डॉक्टरांनी मला खाली बसवून जे सांगितलं होतं, त्याचं उत्तर तू माझ्या दारात उभा राहून मला देत होतास. आणि मी तुला काय म्हणालो?

"परसा, व्हायरस पाल्याले भेत नाही."

रत्ना हसली. मितूसुद्धा हसली, तिला तो नवा शब्द आवडला. तूही हसलास, कारण तुला चांगलं बोललेलं आवडायचं, ते तुझ्या विरोधात असलं तरी. देवाधर्मावरून, निवडणुकीवरून, कशाकशावरून आपण किती भांडलो असू, आणि त्यात मी कधी जिंकल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी जिंकलो.

"बरं बाबा, व्हायरस तं व्हायरस," तू म्हणालास आणि बाहेरचा पाय आत घेतलास.

तू भोळा म्हणून आत आला नाहीस. तुझ्या मित्रानं सांगितलं की ही भीती मागासलेली आहे, आणि तुला त्याच्यापुढे मागासलेलं दिसायचं नव्हतं, म्हणून आलास. मला हे कळायला तुला जावं लागलं.

मग रोज येत राहिलास. मितूच्या पाठीला खाज सुटायची, रडायची, नखं कापलेली म्हणून बोटांनी चोळायची. रत्नानं तिच्या हातात मोजे घातले तर ती ते दातांनी काढायची. तू आलास की ती शांत पालथी पडायची आणि तू तिच्या पाठीवर फुंकर घालायचास. मानेपासून कमरेपर्यंत, हळूहळू, आणि मधे मधे गाडीच्या हॉर्नचा आवाज काढायचास. तोंडात फोड आले तेव्हा तिनं घास घेणं सोडलं, तर तू दुधाच्या आइसकांड्या घेऊन आलास आणि एक तिला, एक तुला, अशी पंगत बसवलीस. मी दारात उभा राहून बघायचो. मला बरं वाटायचं. माझ्या पोरीला माझ्याहून जास्त धीर तुझ्यामुळे येतो, याचा मला हेवाही वाटायचा, तेही सांगून टाकतो.

डॉक्टर मला नंतर म्हणाले की फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ही लागण सुरू होते. म्हणजे तान्ह्या पोळ्यानंतर तू तिला गाडीच्या टाकीवर बसवून फिरवत होतास तेव्हाच तुला ते लागलं असेल. असेलही. हे मी स्वतःला रोज सांगतो. तोवर तुझी फुंकर आठवते आणि त्या सांगण्यात काही दम राहत नाही.

मितू बरी झाली, खपल्या पडल्या. तू शेतात फवारणीला गेलास, परत आलास तो तापानं फणफणूनच. बाकड्यावर आडवा होऊन म्हणालास, फवारणी झेपली नाही. मी म्हणालो, आता यंदा पुन्हा जाऊ नको. बाजूचा पानवाला म्हणाला, अंगाले साबण लावून दोनदा अंघोळ कर. सगळ्यांचं एकमत झालं. इथल्या दवाखान्यातही औषध मारलं होतं का हेच आधी विचारलं, आणि तू हो म्हणालास. तू खोटं नव्हतास बोलत.

मग तुझ्या सवितानं मला बोलावलं. तुझ्या छातीवर काहीतरी उठलंय म्हणाली. मी तुझी बनियन वर केली आणि काय आहे ते ओळखलं. सविताला सांगितलं, फवारणीचं नाही, कांजण्या आहेत. तिनं तुझ्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

यवतमाळला जाताना गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास लागत होता, दोन शब्दांवर थांबत होतास. तरी विचारलंस, मितूवानी झालं ना? मी हो म्हणालो. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. दारव्ह्याचा फाटा गेल्यावर तू माझं मनगट धरलंस.

"मितूले सांगू नको."

तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं हे. नंतर तोंडावर नळ्या होत्या. आम्ही काचेतून बघत होतो.

तुझं हे वाक्य मी कसं वापरलं ते ऐक. तू म्हणालास मितूला सांगू नको. सविताखेरीज मी कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या भावाला नाही, गल्लीला नाही, बाबांनाही आधी नाही. कोणी फवारणी म्हटलं की मला वाटायचं, मी परसाचा शब्द पाळतोय. तुझा शब्द पांघरून मी मांडवात बसून राहिलो.

तुझ्या कान्ह्यालाही कांजण्या निघाल्या. मितूकडून की तुझ्याकडून, कोण सांगणार. तू काचेआड असताना रत्नानंच त्याचं सगळं केलं, लोशन, कोमट पाणी, ताप मोजणं. त्याला हलक्यात गेलं. तुझ्या भावानं तांड्यावरून आल्या आल्या तुझ्या दाराला पाला बांधला, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की लेकुरवाळ्या बाया पाला बघून फाटकातूनच मागं फिरत होत्या. कोणी कोणाला काही समजावून सांगत नव्हतं. पोराची माता आणि बापाची फवारणी, तुझ्या भावाच्या लेखी ही दोन वेगळी दुखणी होती.

पण कान्ह्याच्या अंगावरच्या खपल्या बायांनी पाहिल्या आणि त्यांनी मागचं-पुढचं जुळवलं. पुरुषांच्या बाजूला फवारणी चालली होती तेव्हा बायांच्या बाजूला खरं पोहोचलं होतं. अर्धंच पोहोचलं होतं.

तेरवीच्या दिवशी जेवणं चालू असताना मितू नेहमीसारखी कान्ह्याला उचलायला गेली. कोणाची तरी मावशी होती, तिनं मितूचा दंड धरून तिला मागं ओढलं. म्हणाली, हिले दूर ठेवा, हिच्याच पायी झालं सगळं. ओरडून नाही म्हणाली. मीठ वाढा म्हणावं तशी म्हणाली. मितूनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि तशीच उभी राहिली. मी पंगतीत होतो. मी ऐकलं. तेव्हाही मी काही बोललो नाही, परसा. उठलो, तिला कडेवर घेतलं आणि घरी निघून आलो. माझ्या सगळ्या गप्प बसण्यात मला याची शरम सर्वांत जास्त आहे, कारण तोवर मला म्हणता येत होतं की मी पोरीसाठी गप्प आहे.

त्यानंतर तिनं शेजारच्या पोरांत जाणं सोडलं. बालवाडीच्या बाईंनी निरोप पाठवला, भिंतीला लागून एकटीच बसते, कोणी जवळ आलं की हात लपवते. घरी पाण्याच्या माठाला शिवत नव्हती, रत्नाला म्हणायची तू दे. एका दुपारी मी जेवत होतो, रत्ना तिची वेणी घालत होती.

"आई, मी व्हायरस हाय का?"

तो शब्द त्या घरात मी आणला होता. रत्नाचे हात थांबले. ती माझ्याकडे बघायला लागली, बाबा माझ्याकडे बघायला लागले. बाबांना मी तोवर सगळं सांगितलं होतं, तुला लहानपणी निघाल्या नव्हत्या हे तू मला तोंडानं सांगितलं होतंस हेसुद्धा. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, मले सांगतलं असतं तर मी त्याले दारातूनच धाडला असता. पाला न बांधणारे माझे बाबा तुला दारातून परत पाठवणार होते, आणि मी तुला आत बोलावलं.

मी मितूला म्हणालो, नाही बेटा, तू मितू आहेस. तिला ते पटलं नाही. घरात सांगून काही होणार नव्हतं. तिला जिथं ओढून मागं केलं, तिथंच ते फिटायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन तुझ्या घरी गेलो. तेरवीपासून राहून गेलेला मांडव उतरवत होते. तुझा भाऊ होता, तांड्यावरची चार माणसं होती, ती मावशीही अजून गेलेली नव्हती, आतून सविता कान्ह्याला घेऊन दारात आली. तुझा भाऊ कोणाला तरी सांगत होता की यंदा बोंडं फुटली पण आत गुलाबी अळी निघून राह्यली, शेत पाहायची इच्छा होत नाही. मी त्यांचं बोलणं तोडलं. मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. तू बघायला हवा होतास, हसला असतास.

मी म्हणालो, "परसाले पोरीपासून नाही झालं. पोरगी आजारी होती, आजारी पोरीचा काही कसूर नसते. डाक्टरनं मले सांगितलं होतं, ज्याले निघाल्या नाही त्याले दूर ठेवजा. परसानं मले सांगितलं होतं, मले निघाल्या नाही. दोन्ही मलेच मालूम होतं. मी त्याले आत येऊ देलं. ज्याले बोलायचं त्यानं मले बोला."

तुझ्या भावानं हातातली दोरी खाली ठेवली. मला वाटलं तो उठून मारेल, आणि खरं सांगतो, त्यानं मारावं असं मला फार वाटत होतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावर राग यायच्या आधी जे आलं ते मी तुला सांगणार नाही. इतके दिवस मी त्याच्या शेजारी बसून मान हलवली होती, ते त्याला तेव्हा आठवत होतं.

मितू माझ्या पायाला चिकटून होती, हात पाठीमागं. सविता पायऱ्या उतरून आली. तिनं मितूचे हात पुढं ओढून घेतले, दोन्ही, आणि कान्ह्याला तिच्या हातात दिलं. त्याचं वजन तिला पेलेना, तर सवितानं खालून आपला हात लावला आणि दोघांना तसंच आत नेलं. दारातून ती वळली.

"भाऊ, मले तुमच्याशी बोलनं होत नाही. होईन का नाही, ते बी मालूम नाही. तुमी घरी जा. पोरीले राहू द्या."

मी तिला काही म्हणणार होतो. ती आत गेली होती.

तुझ्या दारातून मी परत आलो, परसा. पोरगी आत राहिली.